संग्रहातली पहिली तलवार: झळाळी नव्हे, घडण पाहून घ्या

वाचकाचे पत्र

मी चांदूर बाजार तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वय अठ्ठावीस. घरची पाच एकर शेती आहे आणि जोडीला गावात झेरॉक्सचे छोटे दुकान चालवतो. जुन्या वस्तू जमवण्याचा नाद मला शाळेपासून आहे. पितळी अडकित्ते, जुनी कुलपे, कंदील, नाणी असे बरेच काही घरात साठले आहे. आता या संग्रहात एक तलवार असावी असे फार वाटते. खरी जुनी तलवार परवडणार नाही, म्हणून प्रतिकृती घ्यायची आहे, आणि सोयाबीनच्या पैशातून सात हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. बहिरमच्या यात्रेत एका दुकानात सिंहाच्या तोंडाची पितळी मूठ असलेली चकचकीत तलवार साडेतीन हजारांना पाहिली. ती भवानी तलवारीची हुबेहूब नक्कल आहे, असे दुकानदाराने सांगितले. मोबाइलवर दुसरी एक तलवार सात हजारांना दिसते आणि तिच्याखाली 'हाय कार्बन स्टील, फुल टँग, धार लावलेली' असे लिहिले आहे. आईचा या सगळ्यालाच विरोध आहे, कारण घरात दोन लहान पुतणे आहेत आणि तिला पोलिसांचीही भीती वाटते. कोणती तलवार घ्यावी, कशी पारखावी आणि कशी जपावी, याबद्दल मार्गदर्शन करावे.

उत्तर

तुम्ही पाहिलेल्या दोन्ही तलवारी घेऊ नका, असे मी सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. पहिली कशाचीच नक्कल नाही आणि दुसरीत तुम्ही ज्या गुणांचे पैसे मोजाल, ते गुण तुमच्या संग्रहाच्या काहीच कामाचे नाहीत. उलट तेच तुम्हाला अडचणीत आणतील. आईचे म्हणणेही मी बाजूला सारणार नाही, कारण तिच्या दोन्ही शंका रास्त आहेत.

प्रतिकृतीचे मोल ती कोणत्या मूळ वस्तूशी किती प्रामाणिक आहे, यावर ठरते. यात्रेतल्या तलवारीला लावलेली सिंहमुखी मूठ आणि बोटांवरून खाली येणारी पितळी कमान ही घडण मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या तलवारींची आहे. इंग्रजी पायदळाच्या अधिकाऱ्यांसाठी १८०३ साली जो नमुना ठरवण्यात आला, त्याच्या मुठीच्या टोकाला सिंहाचे मुख होते. त्याच वर्षी, १५ डिसेंबर १८०३ रोजी, नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातला गाविलगड इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने घेतला. तुमच्या तालुक्यातून ज्या डोंगरांची रांग दिसते, त्याच डोंगरांवरचा हा गड. तो घेणाऱ्या इंग्रजांच्या घडणीची मूठ तुम्हाला शिवछत्रपतींची म्हणून विकली जात आहे, आणि आपल्या इतिहासावर जीव असलेल्या माणसाची अशी फसवणूक व्हावी याचे मला मनापासून वाईट वाटते. 'भवानीची हुबेहूब नक्कल' हा शब्दप्रयोग तर कोणत्याही दुकानात ऐकू आला, तरी तिथून पुढे जावे. भवानी नेमकी कोणती, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. १८७५-७६ मध्ये कोल्हापूर दरबाराने इंग्लंडच्या युवराजाला दिलेली आणि आज तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात असलेली 'जगदंबा' ही सरळ, युरोपीय पात्याची तलवार आहे; यात्रेतल्या वाकड्या, चकाकत्या तलवारीशी तिचे कसलेही साम्य नाही.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक दिवस खर्च करा. सकाळची एसटी पकडून नागपूरला जा आणि तिथले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपण सगळे ज्याला अजब बंगला म्हणतो ते, निवांत पाहा. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात जुनी शस्त्रे मांडलेली आहेत. तिथे गेल्यावर नक्षीकामाकडे आधी पाहू नका. मूठ पात्याच्या मानाने केवढी आहे, पाते मुठीजवळ किती रुंद आहे आणि टोकाकडे कसे निमुळते होत जाते, वाक कुठून सुरू होतो, हे पाहा आणि वहीत रेखाटून घ्या. खरी घडण एकदा डोळ्यांत बसली की दुकानातली खोटी तलवार दुरूनच ओळखू येऊ लागते. ही नजर पैसे देऊन मिळत नाही, आणि संग्राहकाला तिच्यावाचून दुसरे भांडवल नाही.

आता प्रकार निवडू. मराठ्यांच्या वापरातल्या तलवारींपैकी दोन घाट तुमच्या डोळ्यांसमोर असावेत. एक म्हणजे फिरंग किंवा धोप: लांब, सरळ पाते, हाताला चहूबाजूंनी झाकणारी टोपलीसारखी मूठ आणि मुठीच्या मागे निघालेला दांडा. तिची पाती बहुधा युरोपातून येत आणि मुठी इथे चढवल्या जात. राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत मिळवलेली पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार याच जातीची आहे. तिचे पाते युरोपीय, सरळ आणि एकधारी आहे, मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची आहे, आणि पात्याच्या पाठीवर सेनासाहेब सुभा या त्यांच्या पदवीसह देवनागरी अक्षरे आहेत. वऱ्हाडातल्या माणसाला या तलवारीची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. दुसरा घाट म्हणजे वाकदार पात्याची, साध्या मुठीची तलवार, जी मराठ्यांपासून मोगल-राजपुतांपर्यंत सगळ्यांच्या कमरेला होती.

सात हजारांत पहिल्या घाटाच्या मागे लागू नका, हा माझा सल्ला आहे. टोपलीची मूठ नीट करायची तर पत्र्याला गोलाई द्यावी लागते, आतल्या बाजूला गादी बसवावी लागते, सांधे झिजवून एकजीव करावे लागतात. हे काम वेळखाऊ आहे आणि स्वस्तात करून देणारा कारागीर पातळ पत्रा वेल्डिंगने चिकटवून वर सोनेरी रंग फासतो. साध्या मुठीच्या वाकदार तलवारीत मात्र लपवायला जागाच नसते, आणि म्हणून कमी पैशातही ती प्रामाणिकपणे बनवता येते. पहिली तलवार ही घ्या. फिरंग पुढे कधीतरी, हात सैल झाल्यावर.

या तलवारीची मूठ जरा जवळून पाहू, कारण बहुतेक प्रतिकृती इथेच चुकतात. जुन्या मुठीला मागच्या टोकाला वाटोळी तबकडी असते, मधला पकडण्याचा भाग पोटात किंचित फुगीर असतो आणि पुढे दोन्ही बाजूंना आडवी, आखूड बोंडे असतात. ही मूठ हातात घेतली की अनेकांना ती लहान, अडचणीची वाटते आणि पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते असा निष्कर्ष ते काढतात. तसे नाही. ती मूठ घट्ट बसण्यासाठीच तेवढी ठेवलेली असते. तर्जनी पुढच्या बोंडावरून जाते, तबकडी मनगटाला टेकते, आणि तलवार हातातून न निसटता ओढून वार करता येतो. आजचे कारागीर गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी मूठ लांबवतात आणि तबकडी लहान करतात, त्यामुळे सगळा तोलच बिघडतो. आतून चार बोटे जेमतेम मावतील एवढीच जागा असलेली, लोखंडाची, साधी मूठ मिळाली तर ती पितळेच्या नक्षीदार मुठीपेक्षा निःसंशय चांगली समजा. कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावर सोन्या-चांदीची तार ठोकून केलेली नक्षी, राजस्थानात उदयपूर-जयपूरकडे आजही होते, पण ते काम तुमच्या रकमेत बसणारे नाही; त्या नावाने जे स्वस्तात मिळते ते रंगकाम असते.

'फुल टँग' या शब्दांचे दडपण मनावर घेऊ नका. पात्याचा मुठीत जाणारा भाग मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला असावा, हा निकष मुख्यतः युरोपीय तलवारींचा आहे. आपल्याकडच्या जुन्या तलवारीत हा भाग आखूडच असे. लोखंडी मूठ पोकळ ठेवून तिच्यात लाखेचे व राळेचे गरम मिश्रण भरत, पाते त्यात रोवत आणि थंड होऊ देत. ही बांधणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. आजची प्रतिकृती याच पद्धतीने बांधलेली असेल तर ती उणीव मानू नका. फक्त एक लक्षात ठेवा, की हे मिश्रण उष्णतेने मऊ होते, त्यामुळे अशी तलवार मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तापत ठेवली किंवा उन्हात पडली, तर मूठ हलू लागते.

पात्याबद्दल बोलायचे तर, जुन्या तलवारी बहुतेक एक किलोच्या आगेमागे भरतात. दुकानात गेल्यावर संकोच न करता शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तलवार म्यानाशिवाय तोलून पाहा. दीड-दोन किलो भरली, तर ती एकसारख्या जाडीच्या पट्टीतून कापून काढलेली आहे हे ओळखा. चांगले पाते मुठीपाशी जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून मुठीकडून टोकाकडे हात सरकवला तरी हा फरक कळतो. बोटावर तोलली असता ती मुठीपासून वीतभर अंतरावर किंवा त्याच्या आतच स्थिरावली पाहिजे. तोल पात्याच्या मध्याकडे गेला असेल, तर ती लोखंडाची नुसती पट्टी आहे. मग डोळ्याच्या रेषेत धरून पाठ सरळ आहे का ते बघा, आणि मूठ घट्ट धरून पात्याला हलकासा झटका द्या. आतून कुठे खडखड ऐकू आली तर परत ठेवा.

मोबाइलवरच्या जाहिरातीत हाय कार्बन पोलादाचा जो उल्लेख आहे, तो चालवण्याच्या तलवारीसाठी महत्त्वाचा आहे. त्या पोलादाला भट्टीत तापवून पाणी दिले जाते, म्हणून ते कठीणही होते आणि लवचीकही राहते. तुम्हाला ती तलवार चालवायची नाही. तुमच्या कामाला पाणी न दिलेल्या साध्या पोलादाचे, बिनधारेचे पाते पुरेसे आहे, आणि त्याचा किंचित राखाडी रंग जुन्या तलवारीच्या जवळ जाणारा असतो. स्टेनलेस स्टीलला मी सरसकट नावे ठेवणार नाही. पावसाळ्यात ते निश्चिंत ठेवते, पण त्याची आरशासारखी चकाकी मराठा तलवारीला शोभत नाही आणि असे लांब पाते कोणी गंमत म्हणून फिरवले तर ते मुठीपाशी तुटून उडू शकते.

'दमास्कस' म्हणून पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दाखवून जादा पैसे मागतात, त्यालाही भुलू नका. त्या किमतीत ती नक्षी आम्लाने किंवा लेझरने वरवर काढलेली असते. ज्या पोलादामुळे ही नक्षी जगभर नावाजली, ते मुशीत वितळवून केलेले पोलाद आपल्यापासून फार दूर नव्हे, तर पैनगंगेपलीकडे निर्मळ आणि कोनासमुद्रम या भागात तयार होत असे आणि इराणचे व्यापारी ते घेण्यासाठी तिथवर येत. नागपूरहून हैदराबादला जाताना महामार्गावर जे निर्मळ लागते, तेच हे गाव. त्या पोलादाची लहर धातूच्या आतून उमटलेली असते.

आता आईच्या शंकेकडे येतो, आणि इथे कृपया घाई करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ यांनुसार तलवार हे शस्त्र आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे या नियमांच्या वर्गवारीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे तेवढी वगळलेली आहेत, म्हणून तुमच्या घरचा विळा किंवा कुऱ्हाड त्यात येत नाही. विनापरवाना तलवार बाळगल्याबद्दल महाराष्ट्रात पोलीस या अधिनियमाच्या कलम ४ व २५ खाली गुन्हे नोंदवतात, आणि त्यात एक ते तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. 'धार नाही, म्हणजे शस्त्र नाही' असे दुकानदार सांगेल. कायदा तसे म्हणत नाही. ज्या वस्तूचा खेळण्याखेरीज दुसरा उपयोग होऊ शकत नाही आणि जिचे वापरण्याजोग्या शस्त्रात रूपांतरही करता येत नाही, तेवढीच वस्तू तो सोडतो. सहाणेवर घासून धार येईल अशी पूर्ण लांबीची पोलादी तलवार या सवलतीत बसेल, असे गृहीत धरून चालू नका.

त्यामुळे खरेदीआधी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन संग्रहासाठी बिनधारेची प्रतिकृती घरात ठेवायची आहे, असा साधा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ग्रामीण भागात परवान्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो, तेव्हा अमरावतीच्या कार्यालयातील शस्त्र परवाना शाखेतही चौकशी करा. परवाना घ्यावा लागेल असे सांगितले, तर परवाना हातात येईपर्यंत वस्तू घरात आणू नका. मोबाइलवरून तर अजिबात मागवू नका. कुरिअरने आलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्याच्या आणि मागवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपल्या राज्यात अनेकदा आल्या आहेत. परवानगीने घेतलेली तलवारही मिरवणुकीत नेणे, वाढदिवसाचा केक तिने कापणे, तिच्यासह छायाचित्र काढून स्टेटसला लावणे, हे सर्व कटाक्षाने टाळा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीच्या दिवसांत शस्त्रे बाळगून फिरण्यावर मनाईचे आदेश निघत असतात, आणि कित्येक तरुण केवळ हौसेपायी अशा गुन्ह्यांत अडकले आहेत.

त्याच कारणाने गावातल्या लोहाराला कमानपट्ट्याची तलवार घडवून मागू नका. वखराची पास घडवणारा हात तलवारही घडवू शकेल, पण विनापरवाना शस्त्र बनवल्याचा बोजा त्या बिचाऱ्यावर पडेल. खरेदीला जाताना मात्र त्याला सोबत न्या, कारण लोखंडाचा आवाज आणि सांधा तो तुमच्याहून चांगला ओळखेल.

परवानगीचे गाडे अडले, तर हिरमुसून जाऊ नका. नऊ इंचांहून आखूड आणि दोन इंचांहून अरुंद पात्याच्या, प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती मिळतात; त्यांत मुठीची घडण नीट असेल, तर संग्रहाच्या दृष्टीने त्या यात्रेतल्या तलवारीपेक्षा कितीतरी सरस ठरतात. लाकडात कोरलेली पूर्ण आकाराची तलवारही चांगल्या सुताराकडून करून घेता येईल, आणि नागपूरला काढलेली तुमची रेखाटने तेव्हा कामी येतील. मला विचाराल तर, लहान पुतणे घरात असेपर्यंत मी हाच मार्ग निवडेन.

एक सूचना ओघात करतो. तुमचा नाद ठाऊक झाल्यावर कोणीतरी वाड्याच्या माळ्यावरची किंवा वावरात सापडलेली जुनी तलवार स्वस्तात देऊ करील. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि तिच्या व्यापाराला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती तर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. अशा व्यवहारात पडू नका. घरमालकाला ती पॉलिश न करता जपून ठेवायला सांगा आणि पुरातत्त्व विभागाशी संपर्क साधायला सुचवा.

जपणुकीचे म्हणाल तर पोलादाचा शत्रू आपला उन्हाळा नसून जून ते सप्टेंबरची ओल आहे. त्या महिन्यांत तलवार चामड्याच्या किंवा मखमलीच्या म्यानात ठेवू नका, कारण म्यान ओल धरून ठेवते. ती बाहेर काढून कुलपाच्या काचेच्या कपाटात, पुतण्यांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. मातीच्या भिंतीत खिळे ठोकून ती टांगू नये, खिळे सैल होतात. पाते पुसायला शिलाई मशीनचे पातळ तेल वापरा. घरात असते म्हणून जवसाचे तेल लावाल, तर ते सुकून पिवळट, चिकट थर बसतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात, खोबरेलही टाळा. बोटांचे ठसे पडले की त्याच ठिकाणी तपकिरी डाग उमटतात, तेव्हा पाहुण्यांनी हाताळल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसून पुन्हा तेलाचा हात फिरवा. दसऱ्याला शस्त्रपूजा जरूर करा, पण ओले हळदकुंकू रात्रभर पात्यावर राहू देऊ नका. आरती झाली की पुसून घ्या. गंज आलाच, तर चिंच किंवा लिंबू न लावता रॉकेलच्या बोळ्याने आणि अगदी बारीक तारेच्या काथ्याने हलक्या हाताने काढा.

खरेदीचे पक्के बिल घ्या, आणि त्यावर 'शोभेची प्रतिकृती, बिनधारेची' असे लिहून पाते व मुठीची मापेही नोंदवून घ्या. ते बिल, ठाण्यातल्या अर्जाची पोच आणि परवाना मिळाला असल्यास त्याची प्रत, हे सगळे एका पाकिटात घालून त्याच कपाटात ठेवा, आणि ते पाकीट कुठे आहे हे आईला सांगून ठेवा.